खालचा सूर

यज्ञेश्वरने बेस गिटारच्या चारही तारा सोडवल्या, त्यांचं वेटोळं केलं आणि उकळत्या पाण्यात सोडलं. वरून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. बेसच्या तारा जाड असतात. त्यांच्या वेढ्यांत घामाचा मळ बसला की त्या बद्द वाजू लागतात, आणि नव्या तारा महाडात मिळायच्या नाहीत. मुंबईला कोणी जाणारं सापडेपर्यंत जुन्याच उकळून घ्यायच्या. उकळलेली तार आठवडाभर तरी नव्यासारखी झणझणते.

"ते भाताचं पातेलं आहे," सुमेधा म्हणाली.

"घासून देतो."

"मागच्या वेळीही दिलं होतंत. दोन दिवस भाताला लोखंडाचा वास येत होता."

ती बोलली खरी, पण पाणी उतू जाऊ नये म्हणून गॅस तिनेच बारीक केला. महाडमधल्या काकरतळ्यावरच्या त्या घरात प्रत्येक कार्यक्रमाआधी असंच व्हायचं.

यज्ञेश्वर वीज मंडळात कनिष्ठ अभियंता होता. आठवडाभर ट्रान्सफॉर्मर आणि खांब, आणि सुट्टीच्या दिवशी आमोदच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार. लग्नं, गणपती, कॉलेजची गॅदरिंगं. माणगावपासून कशेडी उतरून खेडपर्यंत त्यांचा वाद्यवृंद ठाऊक होता. त्यातली गायिका लोकांना ठाऊक होती, ढोलकवाला ठाऊक होता. बेसवाला कोणालाच ठाऊक नव्हता आणि त्याचं यज्ञेश्वरला काही वाटायचं नाही. तो नेहमी ढोलकवाल्याच्या डाव्या हाताला, जरा मागे उभा राहायचा. तिथून गायिकेची पाठ दिसते. ती कुठे श्वास घेणार हे तिच्या खांद्यांवरून आधीच कळतं, आणि तिचा पाय पडायच्या आत खाली पायरी ठेवता येते. बेसचं काम एवढंच, असं तो म्हणायचा. वाजतोय तोवर कोणाला कळत नाही. बंद पडला की गाणं एकदम उघडं पडतं, आणि काय गेलं ते तरीही कोणाला सांगता येत नाही.

लग्न झाल्यावर सुमेधा पहिल्यांदा कार्यक्रमाला आली, तेव्हा परतताना तिने सरळ विचारलं होतं, "यात तुमचं कुठलं होतं?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अँप्लिफायर लावला, तिचा तळहात धरून स्पीकरच्या खोक्यावर टेकवला आणि जाड तार छेडली. "हे," तो म्हणाला. तेव्हापासून ती गाणी खालून ऐकायला शिकली. शाळेत पोरांना भूगोल शिकवणारी सुमेधा घरी रेडिओ लागला की भाजी चिरता चिरता बेसवाल्याला दाद द्यायची. सबंध तालुक्यात बेस ऐकणारं एकच माणूस होतं आणि ते आपल्या घरात होतं, याचा यज्ञेश्वरला मनातून फार अभिमान होता.

तो खोका त्याने ओळखीच्या सुताराकडून जाड प्लायवूडचा करून घेतला होता. आत मोठा स्पीकर, कोपऱ्यांत जुन्या गादीचा कापूस. उचलायला दोन माणसं लागायची. पण सगळ्या सामानात त्याचा जीव होता तो अर्थिंगच्या सळीवर. गावोगावी जनरेटर असतो, अर्थिंग नसतं. मग स्पीकर घुं घुं करत राहतो आणि माईक ओठांना झटके देतो. यज्ञेश्वर स्टेजमागे ती लोखंडी सळी ठोकायचा, मुळाशी मिठाचं पाणी ओतायचा आणि तिच्यावर चिमटा लावून वायर अँप्लिफायरपर्यंत आणायचा. घुंघुं बंद. गायिका वैदेहीला एकदा नागोठण्याला झटका बसला होता. तेव्हापासून सळी ठोकलेली स्वतः बघितल्याशिवाय ती माईकजवळ जायची नाही.

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आमोदने नवा कीबोर्ड घेतला. आमोद त्याचा शाळेपासूनचा मित्र, बाजारपेठेत कॅसेटचं दुकान चालवायचा. दस्तुरी नाक्यावर चहा पिताना तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग म्हणाला की गाडीत जागा फार कमी पडते, खोका फार मोठा आहे, आणि हा कीबोर्ड डाव्या हाताला बेस आपोआप वाजवतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. यज्ञेश्वरनेच त्याला सोडवलं. कुडपणचा कार्यक्रम ठरलेला आहे तेवढा करू, म्हणाला, मग माझी बोटंही जरा विसावतील.

घरी येऊन त्याने सुमेधाला सांगितलं. तिने कॅलेंडर बघितलं. मग म्हणाली, "शाळेला सुट्टी आहे. मी येते कुडपणला."

कार्यक्रम गावच्या मुंबईकर मंडळाचा होता. देवळाला नवा कळस चढला होता, त्याच्या आनंदाप्रीत्यर्थ. अंधार पडल्यावर सामान उतरवणं अवघड, म्हणून दुपारी उन्हं कलली की सुरू करायचं आणि दिवस मावळायच्या आत आटपायचं, असं ठरलं होतं.

जीप पोलादपूर सोडून डोंगराला लागली तशी हवा हलकी झाली. करवंदीच्या जाळ्या, तापलेल्या दगडांचा वास, वळणावर अंग चोरून उभी असलेली एखादी म्हैस. वरच्या टप्प्यात रस्त्यावर खडी पसरली होती, तिथे जीप थांबली. गावातली माणसं खाली आली होती. त्यांतल्या येसाजी नावाच्या शेतकऱ्याने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि तो मोठा खोका एकट्याने उचलून घेतला. यज्ञेश्वर ओशाळून त्याच्या मागोमाग चालू लागला.

चढाच्या मध्यावर येसाजी थांबला.

"सायब, ह्यात काय हाय?"

"स्पीकर आहे. जड होतंय का?"

"जड नाय." तो जरा घुटमळला. "आतमधी हलतंय."

कापूस सुटला असेल, असं म्हणून यज्ञेश्वरने विषय संपवला. वर पोचल्यावर त्याने खोका उघडून पाहिला. कापूस जागेवर होता. सगळे स्क्रू घट्ट होते.

पठारावर उघडा कातळ होता. शाळेसमोर फळ्यांचं स्टेज, बाजूला जनरेटर, पताका. दूरवर गुरं रवंथ करत बसली होती. यज्ञेश्वरने सळी ठोकायला घेतली तर दर ठिकाणी खालून टणत्कार येई. शेवटी स्टेजच्या मागे, एका उंबराखाली काळी माती सापडली. भर मे महिन्यात ती ओली होती. सळी टेकवली आणि हातोडीचा एक हलका घाव घातला, तशी ती लोण्यात सुरी जावी तशी गेली.

येसाजी बाजूला उभा होता. "किती खाली जाईल?" त्याने विचारलं.

"हातभर. जास्त नको."

येसाजीने सावलीत बसलेल्या आपल्या आईकडे, बयाबाईकडे पाहिलं. म्हातारीने क्षणभर विचार करून मान हलवली. "मग चालंल," येसाजी म्हणाला.

इथे झरा असणार, असं यज्ञेश्वरने मनाशी ठरवलं. मिठाचं पाणी ओतलं, चिमटा लावला, स्टेजवर येऊन अँप्लिफायर चालू केला.

घुंघुं तर नव्हतीच, पण नेहमीची बारीक सरसरही नव्हती. खोक्यातून नुसती शांतता येत होती, दाट. तो गिटारला हात लावणार एवढ्यात त्या शांततेच्या तळाशी एक सूर लागला.

विजेचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. तो सेकंदाला पन्नास कंपनांचा. सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जो सूर निघतो, जवळजवळ तोच, आणि जागचा हलत नाही. हा त्याच्याही खूप खाली होता. मोकळी तार छेडली तरी तिच्या खाली. आणि हा हलत होता. थोडा वेळ एका जागी थांबे, मग एक पायरी उतरे, मग परत येई, एखादा माणूस अंधारात आपल्याच घरातून सवयीने चालावा तसा.

यज्ञेश्वरने गिटारची कळ शून्यावर आणली. सूर होताच. त्याने गिटारची पिन काढून हातात धरली. तरी होता. अँप्लिफायर आकाशवाणी पकडत असेल, जनरेटरचा काहीतरी खेळ असेल, अशी दोन-तीन कारणं त्याने मनात मांडली. त्यांतलं एकही त्याला पटलं नाही. तेवढ्यात निवेदकाने नमस्कार केला आणि वैदेही माईकपाशी आली.

पहिलं गाणं देवीचं होतं. ढोलक सुरू झाली आणि खालचा तो सूर तिच्याबरोबर चालू लागला.

यज्ञेश्वरने घाईघाईने पिन लावली आणि वाजवायला घेतलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याच्या लक्षात आलं की तो सूर त्याच्या आधी पोचतोय. अगदी निमिषभर आधी. वैदेहीने श्वास घ्यायच्या आत तिच्यासाठी जागा झालेली असे. जिथे यज्ञेश्वर वर्षानुवर्षं चार सूर भरत आला होता, तिथे तो एकच सूर ठेवी आणि गप्प राही, आणि ते गाणं कधी नव्हे एवढं मोठं होई. भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी त्याला एखाद्या गुरूंच्या मागे तानपुरा धरून बसल्यासारखं वाटलं. त्याने हळूहळू आपले सूर कमी केले. मग हात तारांवर नुसता ठेवून दिला.

आमोदने कीबोर्डवरून वळून पाहिलं आणि मान डोलावली. वैदेहीनेही गाता गाता मागे बघितलं, हसली. इतक्या वर्षांत तिने बेसवाल्याकडे वळून पाहिलं नव्हतं.

सुमेधा बायकांमध्ये बसली होती. ती मात्र हसत नव्हती. ती त्याच्या बोटांकडे बघत होती. तिसऱ्या गाण्यात ती उठली, स्टेजच्या कडेला आली आणि तिने खोक्यावर तळहात टेकवला. मग तो उचलून तिने खाली कातळावर ठेवला. बराच वेळ ठेवला. तिने वर पाहिलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. निवेदक देणगीदारांची नावं वाचू लागला. सूर थांबला नाही. तो सावकाश चालत राहिला, आणि यज्ञेश्वरला दिसलं की समोर बसलेली जुनी माणसं त्या चालीवर डुलताहेत. मुंबईहून आलेले हातातल्या पंख्यांनी वारा घेत होते. पण गावची म्हातारी माणसं, मांडीवरची झोपलेली मुलं आणि दूर बसलेली गुरं एकाच तालात श्वास घेत होती.

तो स्टेजवरून मागे उतरला. उंबराखाली गेला. सळीवरचा चिमटा काढला.

आवाज बंद झाला.

फक्त खोक्यातला नाही. पायांखालचाही. पठारावर पाय ठेवल्यापासून काहीतरी तळव्यांना लागत होतं, हे त्याला ते गेल्यावर कळलं.

निवेदक वाचता वाचता अडखळला. कागद त्याच्या हातातच होता, पण पुढचं नाव त्याच्या तोंडून येईना. दूरची गुरं एकामागून एक उभी राहिली. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. त्यांनी नुसते हात जमिनीवर टेकले.

कोणी ओरडलं नाही. एक मूल झोपेतून उठून रडू लागलं आणि त्याच्या आईने ते छातीशी धरलं.

बयाबाई काठी टेकत उंबराखाली आली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"कधी थांबला नव्हता रे बाबा. माझ्या आजीच्या वक्तालाबी नाय. परत लाव."

त्याने चिमटा लावला. तो दोनदा निसटला. मग बसला.

काहीच आलं नाही.

तो धावत स्टेजवर गेला. खोक्यातून पुन्हा तीच दाट शांतता. सुमेधा खोक्याजवळ उभी होती. "बोलवा त्याला," ती हळूच म्हणाली.

यज्ञेश्वरने गिटार उचलली. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली आणि सूर विरेपर्यंत थांबला.

पुन्हा छेडली. थांबला.

आयुष्यभर त्याने दुसऱ्याच्या गाण्याखाली वाजवलं होतं. असा उघड्यावर, एकट्याने, एकच सूर घेऊन तो कधी उभा राहिला नव्हता. त्याला आपल्या कपाळावरचा घाम तारांवर पडलेला दिसला.

तिसऱ्यांदा छेडली, आणि तो सूर विरत असताना त्याच्या खालून दुसरा अलगद वर आला. पडलेल्या माणसाने आधारासाठी दिलेला हात धरावा तसा.

गुरं खाली बसली. निवेदकाला पुढचं नाव आठवलं.

त्यानंतर दिवस मावळेपर्यंत ते दोघं वाजवत होते. यज्ञेश्वर पुढे वर्षानुवर्षं सांगायचा, की त्याला साथ म्हणजे काय ते त्या दुपारी कळलं. निघताना त्याने सळीला हात घातला, तेव्हा बयाबाई म्हणाली की ती राहू दे. त्याने राहू दिली. वायर तेवढी गुंडाळून घेतली; या वेळी चिमटा काढला तरी पायांखालचा सूर चालूच राहिला.

"दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यात तुम्ही वाजवतच नव्हतात," जीपमध्ये सुमेधा म्हणाली. तो हो म्हणाला. तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि खाली महाड येईपर्यंत सोडला नाही.

दोन दिवसांनी आमोद घरी आला. असा बेस आपण आजवर ऐकला नाही, म्हणाला, खोक्यासाठी दुसरी गाडी करू, तू सोडू नकोस. यज्ञेश्वरने त्याला जसं घडलं तसं सांगितलं. आमोद हसला, मग हसायचा थांबला, मग पुन्हा हसला. कीबोर्ड चांगला आहे, तोच चालव, असं यज्ञेश्वरने त्याला समजावलं. दुसऱ्याच्या वाजवण्यावर आपली जागा राखणं त्याला बरं वाटेना. आमोदने जाताना त्याला दारात मिठी मारली आणि मग दर रविवारी, कार्यक्रम नसला की, नुसताच चहाला येऊ लागला.

बेस गिटार भिंतीवर गेली, पण फार दिवस राहिली नाही. पावसाळ्यात कामावरून आलं की यज्ञेश्वर ती काढून बसू लागला. अँप्लिफायर न लावता. शेजाऱ्यांना कशाला त्रास. कोणाचं गाणं नव्हतं, म्हणून तो मनाला येईल ते वाजवी. होता होता त्यातून एक चाल आकाराला आली. सावकाश उतरणारी, मध्ये थांबणारी. त्याची स्वतःची अशी ती पहिलीच. सुमेधा वह्या तपासता तपासता ऐकायची. "इथवर छान आहे," ती म्हणायची, "पुढे?" पुढचं त्याला मिळत नव्हतं. एका जागी येऊन ती चाल उभी राहायची, आणि तिथून घरी परत कसं यायचं ते काही केल्या त्याला सापडेना.

गौरी-गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी दुपारी येसाजी दारात उभा राहिला. आईच्या औषधासाठी महाडला आला होता. आमोदच्या दुकानात विचारत विचारत घर शोधलं होतं. पिशवीतून त्याने दोन मोठी तवशी, गावच्या पावसाळी काकड्या, काढून सुमेधाच्या हातात दिली आणि खुर्चीच्या कडेवर बसला. सुमेधाने आत चहा टाकला.

यज्ञेश्वरने बयाबाईची चौकशी केली. बरी हाय, येसाजी म्हणाला, गुडघे तेवढे धरतात. पीक बरं हाय. सळी हाय तशीच हाय. मग त्याने रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"आईनं निरोप दिलाय," तो म्हणाला. "त्याला तुमचं चांगलं बसलंय म्हणाली."

"माझं काय?"

 येसाजीने टीपॉयवर दोन बोटं टेकवली आणि वाजवून दाखवू लागला, हळू, मान खाली घालून, ऐकलेलं आठवावं तसं. लाकडावर सूर नसतो, नुसती चाल असते. पण यज्ञेश्वरला चालच पुरेशी होती. सुमेधा चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थांबली.

पावसात खिडक्या बंद करून, तारांना जेमतेम हात लावून वाजवलेली ती चाल होती. ती दोघांखेरीज कोणी ऐकली नव्हती.

येसाजीची बोटं त्या अडलेल्या जागेपाशी आली. 

बोटं थांबली नाहीत. ती तशीच पुढे गेली, दोन पावलं खाली उतरली, जराशी थबकली, आणि अगदी सहज घरी आली.

"हे शेवटचं," येसाजी सुमेधाच्या हातातला कप घेत म्हणाला, "तुम्हाला गवसत नव्हतं, असं आई म्हणते. म्हणून त्यानंच लावून ठेवलंय."

त्याने चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली. सुमेधाची नजर नवऱ्याच्या हाताकडे गेली. यज्ञेश्वरच्या उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर केव्हाचीच चालू झाली होती, आणि येसाजीने दाखवलेल्या प्रत्येक पायरीवर, कुडपणच्या त्या सुरासारखीच, ती निमिषभर आधी पोचत होती.